सुताचा काटा

पुण्याहून आलेल्या पोरानं टेम्पोतून उतरवलं ते असं:
अर्धी पाण्यानं भरलेली निळी पिशवी,
बुडाशी गोल, वर सपाट अशी डुगडुगती फळी,
पाच रंगांचे रबरी पट्टे,
आणि वाळूचा काळा गोळा, त्यावर पांढऱ्या आकड्यात २०.
‘हे सगळं फंक्शनल आहे, सर.’

म्हटलं, बस की. चहा घे.
अशोक चौकाच्या मागं, बंद पडलेल्या सायझिंगच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट शिकवतो:
जमिनीवरचं लोखंड डोक्यावर न्यायचं
आणि पंच हात खाली करेपर्यंत तिथंच ठेवायचं.
याचा उपयोग काय, ते कुणी विचारलं नाही.

तो म्हणाला, खऱ्या आयुष्यात वजन हलतं, सर.
पाणी धरताना आतले बारीक स्नायू जागे होतात.
कोपऱ्यात अंगठ्याला टेप गुंडाळणारी श्रावणी येमूल
हसली.
तिच्याकडं नळ येतो पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
दुसऱ्या मजल्यावरचं बॅरल ती आणि तिची आई भरतात.
आईचे बारीक स्नायू केव्हाचे जागेच आहेत,
त्यांना झोपवायची गोळी चालू आहे.

तरी चढली फळीवर, रिकामा बार घेऊन बसली उकिडवी.
गुडघे लटपटले नुकत्या जन्मलेल्या रेडकासारखे.
उतर, मी ओरडलो.
स्पर्धेतला प्लॅटफॉर्म हलत नाही.
जे हलणार नाही, त्याच्यावर हलायला कशाला शिकायचं?
पोरानं मोबाईलवर आलेख दाखवला.
वर जात होता.
खाली जाणारा आलेख घेऊन विकायला आलेला माणूस
मी अजून बघितला नाही.

मग मला ती बुद्धी सुचली.
शेजारी नरसय्या मेरगूचा टॉवेलचा कारखाना,
दारातच सुताचा काटा.
चल, म्हटलं, तुझा गोळा तोलू.
नरसय्यानं कोनांची पोती सरकवली, चष्मा लावला.
‘सतरा सहाशे.’
मी गप्प. आतले माग खडखडत होते,
मला वाटलं, माझ्याच बाजूनं.

पोरगं लाल झालं. मग हळूच म्हणालं,
‘तुमचीही एक प्लेट आणा ना, सर.’

आणली. एका हातानं, मुद्दाम.
ओतीव लोखंड, वस्तादांच्या वेळचं,
कडा गुळगुळीत, वीसमधलं शून्य निम्मं पुसलेलं.
काटा हलला, थांबला.
‘एकोणीस दीडशे.’
नरसय्या चष्मा काढून उगाच पुसत बसला.

जोडीची आणली.
एकोणीस नऊशे.

दोन वर्षं श्रावणीचा बार डावीकडं कलतोय
आणि दोन वर्षं मी तिच्या कोपराला शिव्या देतोय.
कोपर सरळ कर, सरळ कर.
ती रात्री आरशासमोर झाडू धरून सरळ करत होती,
हे मला तिच्या आईनं सांगितलेलं.

पोरगं एक शब्द बोललं नाही, ते बरं केलं.
सामान भरलं. पिशवी हलकी करायला
पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतायला निघालं,
तर श्रावणी बादली घेऊन धावली.

घेतलं नाही मी काही. फळी तर नाहीच नाही.
ते अजूनही मला खेळणंच वाटतं.

पण रात्री जुनी वही काढली.
शहाऐंशी साल, माझं नाव,
पुढं लाल शाईत एकशे दहा.
लोखंड झिजलं, की ओततानाच कमी पडलं?
वस्ताद असते तर विचारलं असतं.
वस्तादांनी विचारू दिलं नसतं.

सकाळी श्रावणी पिवळा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन हजर.
‘डावीकडं कुठली लावत होतो, सर?’
मी बोटानं दाखवली.
डबा माझ्या हातात दिला तिनं.
झाकण निघेना.