पंधरा दिवस आधी

चार किलोची पिशवी, वर हिरवं कणीस छापलेलं.
अमळनेरहून मोटारसायकलवर अकरा पिशव्या बांधून
मी बोरीकाठच्या या गावात आणल्या, सह्या घेतल्या.
लोटन आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली
आणि मग सही केली, सावकाश.

"दादरपेक्षा पंधरा दिवस आधी निघते."
हे मी अकरा ओट्यांवर
अकरा वेळा म्हणालो.

तिसऱ्या वर्षी कागद घेऊन आलो.
बियाणं का सोडलं? योग्य तिथे खूण करा:
किंमत, उपलब्धता, माहितीचा अभाव, इतर.
'इतर'पुढे जागा दीड इंच.

आप्पा काही बोलले नाहीत, बांधावर घेऊन गेले.
तेव्हा चहूकडे दादर अजून दुधात होती
आणि मधे त्यांचं एकट्याचं रान पिकलेलं.
"सगळा शिवारना पाखरं आठेच उनात.
पहिले पिकनी, पहिले खावायनी."
नातू गोफण घेऊन मचाणावर, शाळा बुडवून, नऊ दिवस.
सगळ्या गावानं पेरली असती
तर पाखरांनी वाटून खाल्ली असती,
हे त्यांनी हसत सांगितलं,
गावाला नावं न ठेवता.

नाल्यापलीकडे सुकलालचं मुरमाड.
त्याच्याकडे तीच ज्वारी, सलग तिसऱ्यांदा.
"माझी ओल माघ बघत नाही भाऊ,
दादर माझ्याकडे पोटरीतच मान टाकते."
आणि पाखरं?
बायको डबा बडवते. आवाजही दांडगा आहे तिचा.

तेच पंधरा दिवस.

गजराबाईच्या खळ्यात कडब्याची गंजी कमरेएवढी.
"कणीस भरलं, खोटं कशाला बोलू.
पण गाय काय कणीस खाते?"
मग चुलीपाशी बसवलं मला
आणि दोन भाकरी टाकल्या ताटात,
एक दादरची, एक माझ्या पिशवीची. ओळख म्हणाली.
दोन्हींचा घास घेतला. ओळखता येईना.
मला आनंद झाला, तसं बोलूनही गेलो.

"शिळी व्हऊ दे," ती म्हणाली, "मंग सांग."
आणि दोन्हींतली अर्धी अर्धी
फडक्यात बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्यालयात, पंख्याखाली
गाठ सोडली.
एक अर्धी धुतलेल्या लुगड्यासारखी दुमडली.
दुसरी बोट लागताच फुटली, तीन तुकडे, वर भुगा.
भाकरी सकाळी बांधतात आणि खातात उन्हं चढल्यावर,
हे मला ठाऊक होतं की.
माझी आईही बांधायची.

भुगा चहात घालून खाल्ला.
दीड इंचात लिहिलं: पाखरं.
मग समासात, आडवं: घडी.

साहेबांनी कागद वर धरून विचारलं,
घडी म्हणजे काय?
त्यांचा डबा उघडाच होता टेबलावर,
पोळ्या होत्या त्यात, अजून गरम.