पातळी

सीत्से हॉकेमा, वय एकाहत्तर.
अडतीस वर्षं पंपघरात.
आपल्याकडे पाटकरी पाणी सोडतो,
हा पाणी उपसायचा,
समुद्राहून खोल असलेल्या कुरणांतून वर कालव्यात.
जास्त उपसलं तर जमीन खचते,
कमी उपसलं तर गाईंचे खूर कुजतात.
ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
हे त्याने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
मी फक्त वजन आणि उंची लिहून घ्यायला गेले होते.

म्हटलं, उद्या दीडेक तास तुमचं हृदय थांबेल,
तेवढा वेळ माझं मशीन.
‘आणि हे दोघं?’
त्याने कंबरेवर मागे हात ठेवला.

हे दोघं. अठ्ठावीस टक्के उरलेले.
रक्तदाबाने झिजवलेले, साखरेने पोखरलेले,
आणि गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं
शेंगदाण्यांसारख्या तोंडात टाकलेल्या गोळ्यांनी.

हृदयाचं बरं असतं.
ते धडधडतं, लोक त्याच्यावर जीव ओवाळतात.
मूत्रपिंडं मुकी.
दुखत नाहीत, कुरकुरत नाहीत,
एक दिवस कामावर येत नाहीत, एवढंच.

अँजिओग्राफीनंतर आम्ही नऊ दिवस थांबलो,
नसांत सोडलेला तो रंग निघून जावा म्हणून.
गोळ्या बंद केल्या. सीत्से रागावला.
सकाळी मी मशीनच्या नळ्या आखूड कापल्या,
रक्तात पाणी फार मिसळू नये.
डॉ. टेर्पस्ट्रा म्हणाले, किती कंजूष!
म्हटलं, हो.

मग हृदय थांबलं.
पडद्यावर सरळ रेघ, आणि माझा हात खटक्यावर.
दाब पंचाहत्तर. सत्तरला आला की मी वाढवायची.
कुणी काही बोललं तर मला ऐकू येत नव्हतं.
मी दोन मुठींएवढ्या अंधाराकडे
रक्त पाठवत होते,
पोचलं की नाही कळायला मार्ग नाही,
टेबलाखालच्या पिशवीशिवाय.

एक्याण्णव मिनिटं.
हृदय आपणहून उठलं, शहाण्या मुलासारखं.
सगळे हसले.
मी वाकून पिशवी पाहिली.

रात्री ड्युटी हिल्त्येची होती, माझी नव्हती.
तरी मी कॉफी घेऊन तिथेच.
दहा वाजता तासाला तीस मिली.
अकराला एकोणीस.
बाराला बारा.
शिकाऊ डॉक्टर म्हणाला, सलाइन वाढवूया?
हिल्त्येने त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला,
फुप्फुसं आधीच ओली होती. नको.
लघवीचं इंजेक्शन? त्याने आकडा वाढेल,
मूत्रपिंड नाही.
दाब थोडा चढवला. वाट पाहिली.
वाट पाहणं हेही औषधच,
फक्त त्याची बाटली नसते.

खिडकीबाहेर लेउवार्डन धुक्यात, सायकली ओल्या.
पहाटे चारला चोवीस.
पाचला एकेचाळीस.
हिल्त्ये काही बोलली नाही,
तिने पिशवी हलक्या हाताने सरळ केली,
झोपलेल्याची उशी करावी तशी.

सगळं परत आलं नाही.
क्रिएटिनिन चढलं, उतरलं,
पण होतं त्या पायरीच्या एक पायरी खालीच थांबलं.
अठ्ठावीसचे पंचवीस.
डायलिसिसचं मशीन कोपऱ्यात झाकलेलं होतं,
झाकलेलंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सीत्सेने मला ओळखलं.
आवाज नळीने खरवडलेला.
‘पातळी?’
म्हटलं, तीन टक्के गेले.
तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला,
मग म्हणाला, एकदा वादळाच्या रात्री
माझ्याकडूनही अडीच सेंटिमीटर गेलं होतं.
गाई कोरड्या राहिल्या.

आणि पुढच्याच वाक्यात
गुडघा दुखतोय, एक गोळी दे, म्हणून मागे लागला.