वाकळीची वरची बाजू

चिखलीची रत्नाबाई रिक्षातून बोचकं घेऊन आली.
पाच लुगडी, दोन धोतरं, शाळेचा एक निळा शर्ट.
"पुरातली हायत. सोड्यात तीनदा उकळली,
डाग जात न्हाई."
मी एक लुगडं उजेडात धरलं :
निम्म्यावर तांबूस रेघ, आखल्यासारखी.
"दांडीवर होती. पाणी हितवर आलं,"
आणि भिंतीवर पोराची उंची दाखवावी
तसं तिनं रेघेवर बोट ठेवलं.

नातीच्या बारशाला वाकळ पाहिजे. सहा दिवस.
डाग दिसता कामा नये.

दिवसभर मी जमादार टेलर्समध्ये काजं-बटणं करते,
शनिवार पेठेत, जिन्याखाली.
वाकळा रात्री.
नसीमचाचीनं मला एकच गोष्ट शिकवली :
दोरा कमी तोड, रात्र मोठी होते.

आधी पुठ्ठा. बिस्किटांच्या खोक्याचा, वीतभर चौकोन,
चारी कडांना पाव इंच शिवणीसाठी जास्त.
कापडाचे चार थर, कात्री एकदाच.
गडद एका सुपात, फिकट दुसऱ्या.
मग सुलट्याला सुलटं लावून जोडी घालायची मशिनीखाली,
ती बाहेर पडायच्या आत दुसरी,
तिच्यामागं तिसरी,
मधला दोरा तसाच.
मशिनीच्या पाठीमागं पताका पडत राहतात,
तालमीच्या गणपतीला गल्लीभर लावतात तशा.
शेवटी बसून सगळ्या एकदम कातरायच्या.

पुठ्ठा सरकवत सरकवत
मी रेघ शिवणीत घ्यायला बघत होते.
पाव इंचात पूर मावतो का,
मावला बऱ्याच ठिकाणी.
दोन-तीन तुकड्यांत वर उरला, बोटभर,
ते कडेला टाकले, पट्टीखाली जातील म्हणून.

शर्ट सगळ्यात शेवटी घेतला.
कात्री लावली आणि थांबले.
काज माझं होतं.
डाव्या टोकाला मी एक टाका जास्त घालते,
मास्तर अजून त्यावरून बोलतात.
किती वर्षं झाली असतील, मी तेव्हा नवीन होते,
गठ्ठ्यानं यायचे शर्ट, पोरं कधी दिसली नाहीत.
काज पुठ्ठ्यात बसेना.
तुकडा दोन बोटं मोठा कापला
आणि अख्खी ओळ बिघडवून ठेवली.
रात्रीचा दीड. शेजारच्या ओळी उसवल्या,
स्वतःला शिव्या दिल्या, परत जुळवलं.

इस्त्री करताना एका ओळीच्या शिवणी डावीकडं पाडायच्या,
खालच्या ओळीच्या उजवीकडं.
ओळीला ओळ भिडली की शिवणी एकमेकींत बसतात,
दोन म्हशींची शिंगं अडकावीत तशा.
बोटाला कळतं. डोळ्यानं बघायची गरज नाही.

पाचव्या रात्री दुकानाचं शटर निम्मं ओढून
फरशीवर अस्तर पसरलं, उलटं.
त्यावर धोतरं. त्यावर ही.
कोपऱ्यांवर वजनं : इस्त्री, गजाचा डबा, दोन विटा.
मधून सुरुवात करायची, कडेला जायचं,
लांब लांब कच्चे टाके,
हातानं सुरकुती पुढं ढकलत,
कडेपर्यंत, आणि तिथून बाहेर.
चाचीनं एका कोपऱ्यातून चिमूटभर साखर आत सोडली.
"उपाशी वाकळ ऊब देत न्हाई."
मुंग्या येतील म्हणाले, तर म्हणाली, येऊ देत, जेवून जातील.

सकाळी रत्नाबाई आली. डाग शोधला नाही तिनं.
थेट काजापाशी बसली.
"भोक ठिवलंस व्हय गं?"
मी म्हटलं, चुकून.
"तिच्या बापाचा शर्ट हाय ह्यो. सातवीतला."
मग करंगळी घातली त्यातून, काढली, परत घातली.
"ऱ्हाऊ दे. पोरगी खेळंल."

टाके घालायला चौघी येणार दुपारी.
चहाला दूध सांगितलंय.
कच्च्या टाक्यांना सुया घेतल्या होत्या सहा,
डबीत पाच आहेत.
सहावी सापडेपर्यंत
वाकळीवर कुणी टेकायचं नाही.