शेरा

साळावलीच्या धरणावर माझी नोकरी साधी:
सकाळी सातला पट्टी वाचायची,
वहीत आकडा मांडायचा.
तारीख, पातळी, शेरा.
शेऱ्याचा रकाना एकवीस वर्षं कोरा.

वही जे विचारत नाही ते मला पाठ आहे.
पाणी दोन हात उतरलं की
कायतानच्या विहिरीचा काठ.
आणखी हातभर, आणि
फोंडू वेळीपच्या जोत्याचे चिरे,
त्यांवर शिंपल्यांचा गिलावा.
मग वाट.
फणस होता तिथे ती अजून वळसा घेते.
फणस गेला, वळसा राहिला.

मे महिन्यात लोक येतात
चपला हातात घेऊन, चिखलातून,
आपापल्या उंबऱ्यापाशी जरा वाकतात
आणि आत जातात.
वर चौकट नाही, छप्पर नाही.

काल वास्कोहून लेकीचा फोन:
बाबा, नळाला धार नाही,
तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतच नाही.
मी म्हटलं, टँकर सांग.
आणि मनात: म्हणजे
आपली मागची न्हाणी
उघडी पडली असणार.

गेलो. होती.
दगडी डोणीत
बोटभर पाणी राहिलेलं.
हे कुठल्या पातळीत धरायचं?