कानापुरतं

म्हापशाच्या दुकानात लुसियानोने काचेवर तीन वस्तू मांडल्या,
मासळीवाली वाटे मांडते तशा,
आणि म्हणाला, आधी हात लाव, दर मग विचार.

मी आधी वजन पाहिलं.
घरी जुना अ‍ॅम्प आहे, तीस वॉटचा, लग्नांच्या बँडमधला,
तांदळाच्या पोत्यासारखा जड.
एकदा काणकोणच्या रस्त्यावर टेम्पो बंद पडला,
तेव्हा मी आणि ड्रमवाल्या मिंगेलने तो दोन किलोमीटर उचलून नेला.
पोचलो तोवर नवरी केक कापून बसली होती.
आता त्याच्यावर सुलक्षाचा मिक्सर असतो.
चटणी वाटताना जाळीआडचा कागद अजून थरथरतो.

मागणं माझं लहान.
रायबंदरला आम्ही पदेराच्या डोक्यावर राहतो.
पास्कू आठला निजतो, दोनला भट्टी पेटवतो.
मी फेरीबोटीच्या इंजिनापासून सुटतो साडेनऊला.
म्हणजे माझं वाजवणं आणि त्याची झोप
एकाच फळीच्या दोन बाजूंना.
तो भांडला नाही कधी. एकदाच जिन्यात थांबला,
पिठाचे हात पुसत:
"बाब, हांव दोनांक उठतां."
एवढंच.
पण दुसऱ्या सकाळपासून पिशवीत एक उंडो जास्त येऊ लागला.
लाच होती. मी खाल्ली.

पहिली वस्तू, डब्याएवढा अ‍ॅम्प.
आवाज एकवर ठेवला तरी फळीतून खाली झिरपणार.
दुसरी, पायाशी ठेवायची पेटी, पोटात शंभर आवाज:
गुहा, विहीर, बोगदा, रिकामं चर्च.
एवढे आवाज घेऊन मला जायचंय कुठे?
शिवाय तिला भिंतीतली वीज लागते,
आणि आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी.
तिसरी काडेपेटीएवढी.
थेट गिटारीत खुपसायची, हेडफोन लावायचा, संपलं.
फोनच्या चार्जरवर भरते, चार तास पुरते,
रात्रपाळीला चोडणच्या धक्क्यावरही खिशात मावेल.

बिनतारी हेडफोन लावून पाहिला.
बोट आत्ता, सूर मागाहून,
रॅम्प उचलल्यावर धावत येणाऱ्या उतारूसारखा.
त्याला मी रोज पाहतो. हात हलवतो. बोट थांबत नाही.
म्हटलं, तारेचाच दे.

दोन हजार सातशे.
पन्नास सोडले त्याने, वर एक जुनं पिक दिलं,
कोणाच्या तरी अंगठ्याने झिजलेलं.

पहिल्या रात्री कानात मांडवी भरली, भरतीची.
मान वर केली तर सुलक्षा दिव्याखाली
कोणाच्या तरी कम्युनियनच्या फ्रॉकची किनार दुमडत होती.
तिला यातलं काहीच ऐकू येत नाही
याचं थोडं वाईट वाटलं.
थोडं बरंही. चुका आता माझ्या एकट्याच्या.

आठव्या की नवव्या रात्री तिने खुणेने हेडफोन काढायला लावला.
"चौथ्या टाक्याला तू घाई करतोस."
टाका?
"तारा वाजतातच ना रे नुसत्या. टिच टिच.
निवडताना खडे ताटात पडतात तशा.
मी त्याच्यावरच शिवते."
आणि तिने कड उलटून दाखवली.
तीन टाके सारखे, चौथा आखूड,
तीन सारखे, चौथा आखूड,
अख्खा घेरभर.

लुसियानोच्या त्या शंभरात
हा नव्हता.

मी विचारलं, आता उसवणार?
दाताने दोरा तोडत ती म्हणाली,
"आतली बाजू आहे. कोण बघतंय?"

तेव्हापासून डावा कान मोकळा ठेवतो.
उजव्यात मांडवी, डाव्यात टिच टिच,
आणि दोनच्या सुमाराला खालून भट्टीत पडलेलं पहिलं लाकूड.
चौथा अजून लवकर येतो,
कधीकधी.