चावीवाला

रबाळ्यापासून कोपरखैरण्यापर्यंतचा रूळ
मी बावीस वर्षं चाललो. जाताना अप, येताना डाऊन.
हुद्दा कीमन. घणसोलीच्या चहावाल्याने केलं चावीवाला,
आणि मग फाटकाजवळच्या बायका विचारू लागल्या,
अहो, कपाटाची हरवलीय, बनवून द्याल?

चावी म्हणजे पूर्वीची लोखंडी पाचर,
रुळाला स्लीपरवर आवळून धरणारी.
आता तिथे क्लिपा आहेत, गळासारख्या वाकलेल्या,
दर स्लीपरला चार.
निसटलेली ठोकायची, तुटलेली बदलायची,
बोल्ट पान्याने चाचपायचे.
एवढंच काम. बाकी सगळं ऐकणं.

हातोडी टेकवली की रूळ बोलतो.
धड असला तर लांब, पितळी ताटासारखा.
भेग असली तर तोंडात घास असल्यासारखा.
हे दत्तू पाटेकरांनी शिकवलं, तंबाखू मळता मळता.
पुस्तकात असेलही. आम्ही पुस्तक पाहिलं नाही.

जूनमध्ये वैदेही खंदारे आली.
परभणीची, डिप्लोमावाली. भगवं जाकीट गुडघ्यापर्यंत.
पहिल्याच दिवशी खांबांचे आकडे वहीत उतरवू लागली.
म्हटलं, खांब पळून जात नाहीत, गिट्टी बघ.
म्हणाली, काका, खांब नाही लिहिला
तर भेग कुठे होती ते कोणाला कसं सांगायचं?
मी पान्याला तेल लावत बसलो.

गुरुवारी, नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडे,
ठाण्याची गाडी गेली, मोटरमनने हात केला, आम्ही हात केला.
मग तिने ठोका मारला. थांबली.
परत मारला.
काका, हा वेगळा बोलतोय.

मी कान दिला.
बेलापूर रस्त्यावरच्या कंटेनरची घरघर होती,
कुठल्याशा कंपनीच्या बॉयलरचं घुमणं होतं,
गेलेल्या गाडीचा उरलेला थरकाप होता.
रूळ नव्हता.

हो, म्हटलं, वेगळा आहे.

तीन वर्षं झाली असतील.
तपासणीत कानाला डबे लावतात,
आवाज आला की बटण दाबायचं.
मी समोरच्या बाईच्या भुवया बघून दाबलं.
पास झालो.
तेव्हापासून तळव्यांनी ऐकतो आहे,
झिजलेले बूट मुद्दाम न बदलता,
आणि उरलेलं पाटेकरांच्या नावाने, अंदाजाने.
त्या अंदाजावरून रोज किती माणसं गेली
हे मी कधी मोजलं नाही. मोजवलं नसतं.

तिने फडक्याने रूळ पुसला.
वेल्डच्या पोटाशी, आतल्या अंगाला,
केसाएवढी.

लाल झेंडा. फोन. खांबाचा आकडा तिच्या वहीतून.
एक गाडी नऊ मिनिटं उभी राहिली,
दारातला कोणी ओरडला, काय चाललंय काय?
काय सांगणार.
काही होत नव्हतं, तेच चाललं होतं.

रिपोर्टात नाव कोणाचं, तिने विचारलं.
तुझंच लिही, म्हटलं.
तिने आधीच लिहिलं होतं.

परतताना ती पुढे, मी मागे.
प्रत्येक ठोक्याला वळून बघायची, मी मान हलवायचो.
चौथ्या की पाचव्या वेळी
मी मान हलवली तेव्हा
तिने ठोका मारलाच नव्हता.

काही बोलली नाही.
डबा खाल्ला, मला लोणच्याची फोड दिली,
मराठवाड्यातल्या उन्हाचं काहीतरी सांगत राहिली.

ऑक्टोबरात निवृत्ती आहे.
तोवर असं चाललंय:
ती ठोका मारते,
आणि आवाज लांब गेला तर
डाव्या हाताचं एक बोट वर करते,
सहज, स्वतःशीच करावं तसं. वळत नाही.

मागून भुवया दिसत नाहीत.
बोट दिसतं.