टिकलीएवढं ऊन

शिरोड्याच्या खाडीकडेला, काजूच्या शेडमागं
आमचं ताट उभं आहे :
दोनशे चौदा आरसे, लोखंडी सांगाड्यावर,
सगळ्यांच्या माना एकाच बाजूला,
वाडीत भांडण लागलं की वळतात तशा.

मला लोक सूर्य फिरवणारी म्हणतात.
फिरवते मी ताटच.
साखळी होती, वाळूचा डबा लटकवलेली,
ती खाऱ्या वाऱ्यानं दोन मोसमांत खाल्ली.
आता हातानं. दर चार मिनिटांनी अर्धा आटा.
खिळ्याची सावली खिळ्याखालीच दडली
की समजायचं, नेम बसला.
तेवढ्यात समोरच्या काळ्या टाकीवर
भाकरीएवढा पांढरा डाग पेटतो.
नारळाची शेंडी धरून बघा,
धुराच्या आधी जाळ.

दहा वीसला वाफ.
वाफेत बिया फुगतात, कवच सैल होतं,
मग आत बाया फोडत बसतात,
बोटं राखेत बुडवून. तरी तेल नखांत शिरतंच.
पूर्वी त्या भट्टीपाशी खोकायच्या.
आता गजाली करतात,
आणि मुकादमीण कावते.

आरशांना मात्र इथली हवा मानवत नाही.
कडेनं काळं चढतं, पाठीचा मुलामा सुटतो.
आंधळा झाला की काढायचा,
दुसरा कुडाळहून यायला महिना.
म्हणून वाडीत सांगून ठेवलं,
जुना असेल कुणाकडे तर द्या.

सलूनवाल्या रमाकांतनं उभा आरसा दिला,
त्याचे नऊ तुकडे झाले,
अजून गिऱ्हाईकाची मान शोधल्यासारखे तिरपे बसतात.
झेवियरनं कपाटाचं दार आणलं.
कुणी एसटीचा बाहेरचा, फुगीर.
तो नाही चालत. फुगीर आरसा सगळ्या जगाकडे बघतो,
सगळीकडे थोडं थोडं ऊन वाटतो,
टाकीच्या पदरात काही नाही.
असे एक मामा होते माझे.

बाबल आरोलकर आला तो संध्याकाळचा,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
"गो, ह्यो चलात काय तुझ्या सूर्याक?"
घरात असू दे ना, म्हटलं.
"घरात आता बघतला कोण."
वीतभर आरसा. वरच्या कोपऱ्यात
मरून रंगाची टिकली, चिकटवलेली.
आंघोळीआधी काढून ठेवतात तशी,
परत लावायची म्हणून.

खरवडायला पातं घेतलं मी.
टिकलीएवढं ऊन म्हणजे काही थोडं नाही,
शिकवायला आलेल्या पोरानं बजावलेलं :
धूळ, मीठ, बोटाचा ठसा,
सगळं वाफेतून वजा होतं.
पातं परत खिशात ठेवलं.
डावीकडे, खालून तिसरी रांग,
तिथं एक जागा रिकामीच होती.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बघायला आला.
आता नाही दिसायचा, सांगितलं, डोळे जातील.
तर माडाखाली बसून राहिला.
चहा नको म्हणाला, दोनदा.

सूर्य पाण्यात गेल्यावर
रोजच्यासारखं ताट खाली वळवलं, पुसायला.
आरशांत आधी समुद्र आला, तुकड्यातुकड्यानं,
मग माड, मग तो :
कुठे कान, कुठे सदऱ्याचं बटण, कुठे नुसतीच चप्पल.
तिसऱ्या रांगेपाशी तो वाकला.
गुडघे टेकले. जरा डावीकडे सरला, जरा मागं,
मान थोडी वर,
मी खिळा बघते तसा.
मग हलायचा थांबला.

मी साखळी नसलेल्या चाकाला
तेल घालत बसले.

सकाळी वाफ एक मिनिट उशिरा आली.
वहीत कारणाचा रकाना असतो.
लिहिलं : ढग.